भुईकाट्यावरून रिव्ह्यू: जीसीसी १५, नवीन ग्लिबसी आणि ती कॉन्स्टवाली वॉर्निंग

५ पैकी ४ स्टार. एक कापला त्याचं कारण खाली येईलच.

आधी माझी ओळख, म्हणजे कुठून बोलून राहिलो ते कळेल. मी जळगावचा, जिनिंगवाल्यांच्या भुईकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो, सी मध्ये, एकटाच, बारा वर्षं झाली. धरणगाव, पारोळा, अमळनेर या पट्ट्यात कापसाची गाडी काट्यावर चढली की इंडिकेटरमधून सिरीयल केबलने वजन येतं, माझा प्रोग्राम ते वाचतो, पावती छापतो, लॉग लिहितो, एवढंच काम. बरोबरीची पोरं पुण्याला गेली, हिंजवडीत एसीत बसतात, मी मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत पत्र्याच्या केबिनमध्ये की-बोर्डवरची धूळ पुसतो. अमळनेरवरून जाताना दर वेळी डोक्यात येतं की विप्रो पण १९४५ ला इथेच वनस्पती तुपाच्या धंद्यातून निघाली ना भो, मी मात्र अजून सरकीवरच आहे. असो.

तर झालं काय, एका काट्यावरचा जुना कॉम्प्युटर उन्हाळ्यात गेला, नवीन घेतला, त्यात नवीन लिनक्स टाकलं, त्याच्यासोबत जीसीसी १५ (सी चा कोड मशीनच्या भाषेत करणारा कंपायलर) आणि ग्लिबसी २.४३ (लिनक्सवरची सी ची लायब्ररी, तयार फंक्शनं असतात ती) आलं. आधी जीसीसी ७ होतं आणि त्यावर माझा कोड अडत नव्हता, कंपाइल होऊन जायचा. मला वाटलं मेक (सगळा कोड कंपाइल करायची कमांड) मारू, चहा येईपर्यंत होऊन जाईल. चहा आला, गार झाला, वर साय धरली, आणि स्क्रीनवर तीन एरर आणि तेवीस वॉर्निंग.

एरर पटकन सांगून टाकतो कारण त्यात मजा नाही. एका फाइलमध्ये हेडर इन्क्लूड करायचं राहिलं होतं, म्हणजे फंक्शन डिक्लेअर न करता वापरलं होतं, हे सी भाषेतून १९९९ लाच काढलेलं पण जीसीसी इतकी वर्षं नुसती वॉर्निंग देऊन सोडून द्यायचं, जीसीसी १४ पासून सरळ एरर. दुसरी, मी स्वतःच बूल नावाचा टाइप बनवला होता ट्रू-फॉल्स घालून, आणि जीसीसी १५ आपण काही न सांगता सी २३, म्हणजे सी भाषेचं नवीन स्टँडर्ड, धरून चालतं, त्यात बूल, ट्रू, फॉल्स हे भाषेचेच शब्द झाले. तिसरी स्ट्रटोडची (अक्षरांतला आकडा वाचणारं फंक्शन), तिच्यावर माझा राग आहे, ती शेवटी.

आता वॉर्निंगा. तेवीसपैकी अकरा एकाच साच्यातल्या: इनिशियलायझेशन डिस्कार्ड्स कॉन्स्ट क्वालिफायर फ्रॉम पॉइंटर टार्गेट टाइप. पॉइंटर म्हणजे मेमरीतली जागा दाखवणारा बाण, कॉन्स्ट म्हणजे तिथलं बदलायचं नाही. म्हणजे साध्या मराठीत, तू उजवीकडून 'याला हात लावायचा नाही' असा माल घेतोय आणि डावीकडे 'याला हात लावला तरी चालेल' अशा पिशवीत भरतोय. आणि अकराच्या अकरा ओळींवर स्ट्रसीएचआर (स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या ओळीत, एक अक्षर शोधतं) नाहीतर स्ट्रस्टर (पूर्ण तुकडा शोधतं). माझा भाचा स्ट्रसीएचआरला स्ट्रेचर म्हणतो, डिप्लोमाला आहे, सुट्टीत माझ्याकडे शिकायला येतो. आता मीही स्ट्रेचरच म्हणतो, तोंडाला सोपं पडतं.

मी म्हटलं, बघ रे या अकरा. मी तोवर प्रिंटरच्या मागे लागलो. दहा मिनिटांत पठ्ठ्या आला, "मामा, शून्य वॉर्निंग." मला तेव्हाच शंका आली. बघितलं तर प्रत्येक ओळीत स्ट्रेचरच्या पुढे कंसात कॅरॅक्टर पॉइंटर लिहून कास्ट मारलेला, टाइप जबरदस्तीने बदललेला. म्हणजे कंपायलरला सांगितलं की गप बस, मला कळतं. मी काही बोललो नाही, मेकफाइलमध्ये (कंपाइल करायच्या सूचनांची फाइल) डब्ल्यू कास्ट-क्वाल हा फ्लॅग टाकला आणि परत मेक मारलं. अकराच्या अकरा परत हजर. हा फ्लॅग खास याचसाठी आहे, कास्ट करून कॉन्स्ट काढला की ओरडतो. भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण हा फ्लॅग डब्ल्यू ऑलमध्ये (नावाप्रमाणे 'सगळ्या' वॉर्निंगा चालू करणारा) नाही, डब्ल्यू एक्स्ट्रामध्ये पण नाही, वेगळा मागून घ्यावा लागतो, आणि हे 'ऑल' नाव ठेवणाऱ्याला मला एकदा भेटायचंय. लग्नाच्या पत्रिकेवर सहकुटुंब लिहायचं आणि पंगतीला ताटं तीनच मांडायची, तसला प्रकार.

मग बसलो दोघं, एकेक ओळ. पहिल्या सहा निरुपद्रवी निघाल्या, स्वल्पविराम कुठे आहे एवढंच शोधायचं होतं, लिहायचं काही नव्हतं, डावीकडे कॉन्स्ट लिहिला की वॉर्निंग गेली. सातवी ओळ आली आणि माझा हात थांबला.

इंडिकेटरकडून येणारी ओळ अशी असते: एसटी, स्वल्पविराम, जीएस, स्वल्पविराम, मग प्लस, मग वजनाचे आकडे, मग केजी. एसटी म्हणजे वजन स्थिर आहे, यूएस म्हणजे गाडी अजून हलतेय, जीएस म्हणजे ग्रॉस. माझं फंक्शन ही ओळ घेतं, आणि घेताना मी मोठ्या ऐटीत कॉन्स्ट कॅरॅक्टर पॉइंटर लिहिलंय, म्हणजे जो कोणी हे फंक्शन वापरेल त्याला माझा शब्द की तुझ्या ओळीला मी हात लावणार नाही. आतमध्ये काय? स्ट्रेचरने पहिला स्वल्पविराम शोधला, त्या जागी शून्य बाइट ठेवला म्हणजे स्ट्रिंग तिथेच तुटली, पुढचा भाग वेगळ्या पॉइंटरने वाचला. वजन बरोबर वाचलं जायचं. पावती बरोबर छापली जायची. आणि फंक्शनमधून बाहेर आल्यावर तीच ओळ लॉगमध्ये लिहिली जायची, फक्त आता ती ओळ राहिलीच नव्हती, उरलं होतं नुसतं एसटी.

दोन सीझनमागची गोष्ट. पारोळ्याकडचे एक आप्पा, ट्रॅक्टर-ट्रॉली भरून कापूस आणलेला, घरच्या अंदाजापेक्षा वजन साठ किलो कमी आलं. साठ किलो कापूस म्हणजे गंमत नाही. आप्पा काट्यावरच उभे, "मना कापूस कमी कसा व्हयना भो?" आवाज चढला, माणसं गोळा झाली. शेठने मला फोन लावला की तुझ्या मशीनमध्ये सगळं साठवलेलं असतं ना, काढून दाखव. मी मोटारसायकल काढली, गेलो, मोठ्या तोऱ्यात लॉग उघडला. एसटी. एसटी. एसटी. पानंच्या पानं नुसतं एसटी. तारीख आहे, वेळ आहे, वजन नाही. आप्पा माझ्याकडे बघून राहिले, शेठ माझ्याकडे बघून राहिला. शेवटी गाडी परत काट्यावर घेतली, तेच वजन आलं, भांडण मिटलं, पण माझी जी जायची ती गेलीच. तेव्हा मी काय निष्कर्ष काढला सांगू का, केबल खराब आहे. सिरीयल केबल बदलली, मग यूएसबी कन्व्हर्टर बदलला, मग केबल परत बदलली. स्क्रीनवर वजन बरोबर दिसतंय म्हणजे केबल चांगलीच आहे, एवढा साधा विचार डोक्यात आला नाही, कारण सीझन चालू होता आणि रोज शंभर गाड्या.

त्याच्याही आधी एक खूण मिळालेली. टेस्ट करताना मी त्या फंक्शनला अवतरणातली स्ट्रिंग सरळ दिली होती तेव्हा सेगमेंटेशन फॉल्ट आला होता. येणारच, अवतरणातली स्ट्रिंग लिनक्सवर फक्त-वाचायच्या मेमरीत बसते, तिथे लिहायला गेलं की प्रोग्राम मेला. मी काय केलं, टेस्टमध्ये स्ट्रिंग अॅरेत टाकली, क्रॅश थांबला, पुढे चाललो. साप बघितला आणि टॉर्च विझवली.

मग प्रश्न असा की जीसीसी ७ ने मला हे का नाही सांगितलं? डब्ल्यू ऑल तेव्हाही चालू होतं. आणि कॉन्स्ट काढला की ओरडायची वॉर्निंग जुनीच आहे, न मागता चालू असते. उत्तर स्ट्रेचरच्या जुन्या जाहीरनाम्यात, म्हणजे काय घेतो आणि काय देतो त्याच्या डिक्लेरेशनमध्ये आहे. सी मध्ये कॉन्स्ट हा शब्द १९८९ च्या एएनएसआय स्टँडर्डमध्ये आला. तेव्हा या फंक्शनचं करायचं काय? ते स्ट्रिंगला हात लावत नाही, म्हणून घेताना कॉन्स्ट पॉइंटर घ्यायला पाहिजे. पण परत काय द्यायचं? कॉन्स्ट दिला तर ज्याची स्ट्रिंग स्वतःची आहे, लिहायला मोकळी आहे, त्याची अडचण. सी प्लस प्लसमध्ये एकाच नावाची दोन फंक्शनं ठेवता येतात, त्यांनी दोन ठेवली, कॉन्स्ट द्या कॉन्स्ट घ्या, साधा द्या साधा घ्या. सी मध्ये ती सोय नाही. मग तोडगा काढला: घेताना कॉन्स्ट, देताना साधा. म्हणजे एका दारातून कुलूपबंद माल आत, दुसऱ्या दारातून तोच माल कुलूप काढून बाहेर, आणि कुठे नोंद नाही. कास्ट नाही, वॉर्निंग नाही. मेमसीएचआर, स्ट्रआरसीएचआर, स्ट्रपीबीआरके, स्ट्रस्टर, बीसर्च, सगळ्यांचं असंच. १९८९ ते सी २३, जे छापून आलं २०२४ ला. पस्तीस वर्षं हे दार उघडं होतं आणि माझी सातवी ओळ त्यातूनच बाहेर पडली.

सी २३ ने ही फंक्शनं अशी केली की कॉन्स्ट द्याल तर कॉन्स्टच परत मिळेल. ग्लिबसी २.४३ ने ते हेडरमध्ये मॅक्रो (कंपाइलच्या आधी नावाच्या जागी दुसरा कोड बसवायची सोय) करून बसवलंय, आतून जेनेरिक वापरलंय, ते सी ११ पासूनच होतं, टाइप बघून कुठला माल द्यायचा ते ठरवतं. चालवायच्या कोडमध्ये काही फरक नाही, स्पीड तीच, सगळा खेळ कंपाइल होतानाचा. कोणाला जुनं वागणं पाहिजे असेल तर फंक्शनचं नाव कंसात टाकून बोलवायचं, मग मॅक्रो बाजूला राहतो आणि खरं फंक्शन मिळतं. किंवा स्टँडर्ड मागचं, जीएनयू १७, करून टाकायचं, जीएनयू सोर्सवाला मॅक्रो कुठे लावलेला नसेल तर वॉर्निंग गायब. एका ओळखीच्याने मला हेच सुचवलं, "काबर डोकं लावून राहिला, सतरा कर ना." केलं असतं तर लॉगमध्ये अजून एसटी एसटीच चाललं असतं.

सातवी ओळ दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली. शून्य बाइट ठेवायचा नाही, स्वल्पविरामाचा पॉइंटर वजा ओळीची सुरुवात म्हणजे लांबी, तेवढीच दोन अक्षरं एसटीशी जुळवायची. कॉन्स्ट डावीकडे पण. झालं. पाच मिनिटांच्या कामासाठी दोन केबली, एक कन्व्हर्टर आणि आप्पांसमोरची इज्जत.

राहिलेल्या चार ओळींपैकी एक भाच्याच्या स्वतःच्या कोडमधली होती आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. शेतकऱ्याचं नाव आणि गाव देवनागरीत एकाच ओळीत साठवायचं, मध्ये खूण म्हणून त्याने दंड टाकला, आपला पूर्णविरामाचा उभा दंड, आयडिया भारी. मग स्ट्रेचरला एकेरी अवतरणात दंड दिला. तिथे कॉन्स्टच्या वॉर्निंगसोबत जीसीसीने अजून एक दिली होती, मल्टी-कॅरॅक्टर कॅरॅक्टर कॉन्स्टंट, जी त्याने 'मराठी आहे म्हणून ओरडतंय' असं समजून सोडून दिली. आता बघा गंमत. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. दंड म्हणजे ई०, ए५, ए४. स्ट्रेचर शोधतं एकच बाइट, तर त्यातला शेवटचा ए४ उरतो. आणि र, प, स, म अशी आपली बहुतेक अक्षरं सुरू होतात ई० ए४ ने. म्हणजे नावाच्या पहिल्याच अक्षराच्या पोटात स्ट्रेचरला 'दंड सापडला', तिथे शून्य ठेवलं, आणि पावतीवर नावाच्या जागी एक चौकोन. भाचा दोन दिवस फॉन्ट बदलत बसला होता. मी केबल बदलतो, तो फॉन्ट बदलतो, खानदानी आहे हे. स्ट्रस्टर वापरलं, दंड दुहेरी अवतरणात, काम झालं.

जीसीसीचं कौतुक करायचं तर वॉर्निंग दाखवायची पद्धत आता फार सुधारली आहे. फाइल, ओळ, कितवं अक्षर, खाली कोडची ओळ छापून नेमक्या जागी टोपीसारखी खूण, आणि शेवटी चौकोनी कंसात कुठल्या फ्लॅगने ही वॉर्निंग आली त्याचं नाव. आम्ही शिकलो ते टर्बो सी वर, निळी स्क्रीन, नंतर नंतर तर डॉसबॉक्समध्ये, प्रोग्राम संपला की कधीकधी खाली 'नल पॉइंटर असाइनमेंट' येऊन जायचं आणि सर म्हणायचे आउटपुट आलं ना, मग वहीत लिहा. वॉर्निंग पिवळी असते, पिकलेली असते, आपोआप गळून पडते, असं आमच्या बॅचमध्ये म्हणायचे. आणि डॉसमध्ये अवतरणातल्या स्ट्रिंगवर लिहिलं तरी कोणी अडवायचं नाही, मेमरीला राखणदारच नाही. ती सवय अंगात राहिली.

आता कापलेला स्टार. पहिला अर्धा 'ऑल'च्या नावासाठी, ते वर बोललो. त्यातच अवतरणातल्या स्ट्रिंगचं पण धरा: सी मध्ये त्यांचा टाइप आजही साधा कॅरॅक्टर अॅरे आहे, कॉन्स्ट नाही, लिहायला गेलं तर काय होईल याची गॅरंटी नाही तरी. डब्ल्यू राइट-स्ट्रिंग्ज लावलं की त्या कॉन्स्ट धरल्या जातात. सी प्लस प्लसला हे आपोआप चालू, सी ला मागावं लागतं. लावलं तर 'गाडी पुढे घ्या', 'ड्रायव्हरने खाली उतरावे' असले डिस्प्लेवरचे नऊ मेसेज उघडे पडले, सगळ्यांना कॉन्स्ट लावला, अर्ध्या तासाचं काम. नवीन पोराने पहिल्या दिवसापासून हा फ्लॅग लावावा. माझ्यासारख्याने बारा वर्षांच्या कोडवर लावताना सोबत चहाचा थर्मास ठेवावा.

दुसरा अर्धा स्ट्रटोड आणि स्ट्रटोलसाठी, पण यात चूक कंपायलरची कमी, स्टँडर्डची जास्त. आकडा जिथे संपला ती जागा ही फंक्शनं दुसऱ्या आर्ग्युमेंटमधून देतात, पॉइंटरचा पॉइंटर, आणि तो कॉन्स्ट नसलेलाच पाहिजे. सी २३ च्या त्या यादीत यांचा नंबर लागला नाही. मी शहाणपणा करून शेवटचा पॉइंटर कॉन्स्ट ठेवला, तर जीसीसी १५ वॉर्निंग पण देत नाही, सरळ एरर, इनकम्पॅटिबल पॉइंटर टाइप. म्हणजे एकीकडे म्हणायचं कॉन्स्ट जप, आणि जपायला गेलं की दारातून हाकलायचं. शेवटी साधा पॉइंटर ठेवला आणि वर कॉमेंट लिहिली. फ्रीचं, म्हणजे घेतलेली मेमरी सोडणाऱ्या फंक्शनचं, तसंच. स्ट्रडुपने कॉपी करून घेतलेलं नाव पुढे कुणी बदलू नये म्हणून कॉन्स्टमध्ये ठेवलं की सोडताना वॉर्निंग, कारण फ्री साधा पॉइंटर मागतं. लिनक्स कर्नलवाल्यांनी त्यांच्या केफ्रीला कॉन्स्ट घ्यायला लावून हा विषयच संपवलाय, लायब्ररीवाले अजून तिथेच.

क्लँग या दुसऱ्या कंपायलरवर पण तोच कोड टाकून बघितला, त्याची वॉर्निंग वाचायला जरा सोपी वाटते, पण फ्लॅगचं नाव एवढं लांब की जळगावहून भुसावळ येईल. माझं जीसीसीवर भागतं, आणि दोघांनाही पैसे लागत नाहीत, त्यामुळे घासाघीस करायला जागाच नाही.

कोणी घ्यावं? ज्याचा जुना सी कोड अजून चालू आहे आणि 'चालतंय ना' म्हणून कोणी उघडत नाही, त्याने आधी घ्यावं. सीझनमध्ये मात्र अपग्रेड करू नका, काटा बंद पडला तर रस्त्यापर्यंत गाड्यांची लाइन लागते आणि शिव्या कंपायलरला कोणी देत नाही. डब्ल्यू एरर (प्रत्येक वॉर्निंगला एरर करणारा फ्लॅग) पण काट्यावरच्या मशीनवर लावू नका, तो घरच्या लॅपटॉपवर ठेवा.

लॉगमध्ये आता पूर्ण ओळ येते, एसटी पासून केजी पर्यंत. मेकफाइलमध्ये सध्या ऑल, एक्स्ट्रा, राइट-स्ट्रिंग्ज आणि कास्ट-क्वाल असे चार लावलेत आणि चार वॉर्निंगा अजून शिल्लक आहेत. तीन फ्रीच्या, त्या तशाच राहणार. चौथी इंडिकेटरसोबत आलेल्या हेडरमधली आहे, ती भाच्याला दिली आहे, फक्त कास्ट मारायचा नाही या अटीवर.